एकसष्ट नंबरची वार

ताजी वार हातात आली की आधी तिची ऊब जाणवते, मग वजन. साधारण अर्धा किलो. भाकरीएवढी गोल. एका अंगाने गुळगुळीत, निळसर, मधून नाळ निघालेली आणि नाळेपासून चहूकडे शिरा पसरलेल्या. ही बाळाची बाजू. उलटी केली की आईची बाजू. लाल, खडबडीत, भेगाळलेली, कारण इथेच ती आईच्या पिशवीला धरून होती. लोकांना वाटतं मला किळस येत असेल. मला कधीच आली नाही. शरीर एक अख्खा अवयव नऊ महिन्यांपुरता तयार करतं, त्याच्याकडून जेवणखाण, श्वास, झाडलोट सगळं करून घेतं आणि काम झालं की टाकून देतं. दुसरा कुठला अवयव असा आहे, सांगा.

हॉस्पिटलची आया शकु दीदी ती स्टीलच्या ट्रेमधून आणते. लेबर रूमपासून आमच्या लॅबपर्यंत एक जिना आणि एक लांब व्हरांडा. वीस मिनिटांच्या आत वार टेबलावर यायला हवी, कारण आईपासून सुटली तरी ती थोडा वेळ आपलं काम करत राहते आणि आम्हाला ती तशी, कामात असतानाच पाहायची असते. शकु दीदी ट्रेवर हिरवं कापड घालून येते, दारात चपला काढते (लॅबमध्ये चपला काढायच्या नसतात, हे तिला दोन वर्षांत कोणी पटवू शकलेलं नाही), ट्रे ठेवते आणि म्हणते, “लो बिन्ना, सँभालो.” बिन्ना म्हणजे तिच्या बोलीत बहीण. मग दोन क्षण उभी राहते. मला वाटायचं, दम खात असेल.

पुढचं काम माझं. सलाइनने धुवायची, वजन करायचं, फूटपट्टीने मापायची, मग ठरलेल्या पाच जागांचे तुकडे काढायचे. अर्धे तुकडे मेणात बसवायला, अर्धे लगेच गोठवायला. प्रत्येक डबीवर फक्त नंबर. आईचं नाव नाही, बाळ कसं आहे ते नाही. आमच्या लॅबच्या प्रमुख सुहासिनी मॅडम, त्यांचा हा नियम कडक. “आपल्याला माहीत असलं की डोळे तेच पाहतात,” त्या म्हणतात. आमचा शोध साधा वाटेल असा आहे. काही बायांचं गरोदरपणात अचानक बीपी चढतं, हातपाय सुजतात, बाळ पोटात वाढायचं थांबतं, कधी झटके येतात. हे सगळं वारेतून सुरू होतं, इतकं जगाला माहीत आहे. वार अशी का बिघडते, हे नाही.

मीही त्या बायांतली एक. स्वानंदी पोटात असताना मी सातव्या महिन्यापर्यंत याच टेबलाशी उभी होते. संमतीचा कागद मीच भरला आणि लेबलही मीच लिहून ठेवलं, एकसष्ट. आलोक आमचा रिसर्च स्कॉलर, मायक्रोस्कोप त्याच्या ताब्यात. तो म्हणाला होता, “दीदी, अपना सैंपल खुद ही काट लेना.” आम्ही खूप हसलो होतो. तेहतिसाव्या आठवड्यात माझं बीपी एकशे सत्तरवर गेलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. त्याच दुपारी सिझेरियन झालं आणि माझं लेबल लावलेली डबी कोणीतरी दुसऱ्यानेच भरली. स्वानंदी चौदाशे ग्रॅमची. सव्वीस दिवस काचेच्या पेटीत. मी पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तिच्या तळपायाला बोट लावून बसायचे. तेवढीच जागा मोकळी होती. बाकी सगळीकडे नळ्या.

बारशाला सासूबाईंच्या बहीण, सावनेरच्या मावशी आल्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, चिमटीत दंड मोजला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नको प्रणोती, पण तू पोटुशी असून दुसऱ्यांची वार कापत होतीस. मग तुझी कशी नीट राहीन?”

सासूबाई, म्हणजे मी त्यांना आईच म्हणते, लगेच तोडून बोलल्या, “काहीतरीच बोलून राहिली तू, ताई. पेढा घे.” पण ते वाक्य पेढ्याबरोबर गिळलं गेलं नाही. माझ्याच घशात अडकून राहिलं. मावशी शास्त्राचं बोलत नव्हत्या, हे मला कळत होतं. तरी दुपारी बाळ निजवताना मी मनात मोजायचे. किती महिने, किती नमुने, फॉर्मलीनचा वास किती. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. रडण्यासाठी नाही. का, एवढंच.

स्वानंदी सात महिन्यांची झाली तेव्हा मी पुन्हा कामावर आले आणि त्याच महिन्यात ती चमक सापडली.

आलोक गोठवलेल्या तुकड्यांचे पातळ काप निळ्या उजेडाखाली पाहत होता. कुठलाही रंग लावलेला नव्हता. काही कापांना आईच्या बाजूची कड आपोआप चमकत होती. हिरवट पिवळी, अगदी काजव्यासारखी. बाकीच्या कापांत काहीच नाही. शरीरातल्या काही गोष्टी अशा उजेडात स्वतःहून चमकतात, पण इतक्या नाहीत. नव्वद नमुने पाहून झाले आणि मॅडमनी कपाटातून नावांची यादी काढली. एकतीस चमकणारे. एकतीसच्या एकतीस बाळं काचेच्या पेटीत गेलेली.

आलोक खुर्चीवरून उठून उभाच राहिला. “मैडम, कोई चीज़ जमा हो रही है प्लेसेंटा में. अगर वही खून में भी मिल गई, तो डिलीवरी से पहले ही पता चल जाएगा!”

“एकतीसपैकी एकतीस,” मॅडम पुटपुटल्या. “इतकं सुरेख काही नसतं रे.” पण त्यांचेही डोळे चमकत होते.

मी फक्त एकच नंबर शोधत होते. एकसष्ट. तो होता, आणि सगळ्यांत जास्त चमकणारा तोच होता. आलोकने आकडा काढला तर बाकीच्यांच्या दुप्पट. तुम्हाला विचित्र वाटेल, पण मला हायसं वाटलं. उरलेल्या तीस जणींनी तर आयुष्यात लॅब पाहिली नव्हती. कोणी बरगीकडच्या खेड्यातून आलेली, कोणी शेतावर राबणारी, एक शाळेत शिकवणारी. माझ्यात जे होतं तेच त्यांच्यात होतं. म्हणजे ते माझ्या हातून आलेलं नव्हतं. त्याला आता एक रंग होता, लवकरच नाव मिळालं असतं.

दोन गोष्टी मात्र बसत नव्हत्या. मेणात बसवलेल्या तुकड्यांत चमक मुळीच नव्हती. त्याच वारेचा, त्याच जागेचा तुकडा, पण मेणातला कोरा आणि गोठवलेला झगझगीत. दुसरं, ती टिकत नव्हती. “देखते-देखते फीकी पड़ जाती है, दीदी. फ़ोटो लेने का टाइम नहीं देती,” आलोक कुरकुरायचा. चार महिने आम्ही त्या चमकेच्या मागे होतो. एका परिषदेला निबंधाचा सारांश पाठवायचं ठरलं. सोमवार शेवटचा दिवस.

शनिवारी घरी जेवताना मी बोलून गेले. आईंनी माझा भात वाढायचा थांबवून थेट फोन उचलला. “ताई, ऐकून घे. आपल्या प्रणोतीचा काही दोष नव्हता. मशिनीत दिसलं. एकतीस बायांना तेच झालं आहे. हो, सायन्सने! आता बोल.”

“आई, अजून छापून यायचंय ते,” मी म्हटलं.

“छापून येईन तेव्हा येईन. तिने बारशात सांगितलं, मी फोनवर सांगितलं. हिशेब चुकता.”

रविवारी सकाळी स्वानंदीला मी वरणभात भरवत होते. भरवत होते म्हणजे तिने वाटीत हात घातला आणि सगळा छातीवर थापला. पांढरं झबलं, बडा फुहाऱ्याच्या बाजारातून परवाच आणलेलं, पिवळंधमक. मी ते मोरीत नेऊन साबण चोळला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत तांबडा झाला.

“अगं बाई, रक्त!” मी ओरडलेच. लॅबची सवय.

आई मागून डोकावल्या. “कुठलं रक्त? हळदीला साबण लागला की लालच होते. काहून घाबरून राहिली? आम्ही लहानपणी हळदीचं कुंकू करत होतो घरी, टाकणखार घालून. राहू दे तो डाग, पाण्याने घासून हळद कधी जात नाही. उन्हात टाक. ऊनच खाते तिला. दुपारपर्यंत फिकी पडते पाहा.”

मी झबलं गच्चीवर वाळत टाकलं. दीक्षितपुऱ्यात गच्च्या एकमेकींना खेटून, शेजारच्या काकू काही विचारत होत्या, मी उत्तर दिलं की नाही आठवत नाही. मी झबल्याकडे पाहत उभी होते. पाण्याने जात नाही. उजेडाने फिकी पडते. आणि हळद स्पिरिटमध्ये मात्र विरघळते, हे तर मला कॉलेजपासून ठाऊक. मेणात बसवण्याआधी प्रत्येक तुकडा तीन वेळा स्पिरिटमधून काढतात. मीच काढते. मग मेणातला तुकडा कोराच राहणार.

दुपारी माझा नवरा तनय म्हणाला, “तू आज कुठे हरवली आहेस?” मी म्हटलं, कुठे नाही.

खोटं कशाला सांगू, संध्याकाळपर्यंत माझ्या मनात हेही येऊन गेलं की कोणी विचारलेलं नाही. सारांश उद्या जाईल. माझ्याशिवाय कोणाच्या घरी उद्यापर्यंत वरण सांडणार आहे? आईंचा फोन होऊन गेला होता. मावशी गप्प बसल्या होत्या. बारशानंतर पहिल्यांदा माझ्या घशातलं ते वाक्य खाली उतरलं होतं, आणि आता मीच ते पुन्हा ओढून वर काढणार होते.

पण मग ती चमक काय आहे, हे मला कधीच कळलं नसतं. चूक कळली नसती हे वेगळं, पण ते नेमकं काय आहे तेच कळलं नसतं. त्या विचारानेच जिवाला चैन पडेना.

सोमवारी मी आठ वाजता लॅब उघडली. फ्रीजरमधून पहिली डबी माझीच काढली, कारण चूक निघायची तर ती माझ्यापासून निघू दे. एकसष्ट. बोटाच्या पेरापेक्षा लहान, गोठलेला, काळपट तुकडा. ज्याने स्वानंदीला तेहतीस आठवडे निभावलं, त्याचा एवढाच भाग आता जगात शिल्लक होता. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून तुकड्याच्या कडेवरून हलकेच फिरवला. रक्त स्पिरिटमध्ये सहज सुटत नाही. बोळा पिवळा झाला, अगदी फिका. मी तो पांढऱ्या कागदावर दाबला, सुकू दिला आणि वर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एक थेंब सोडला.

तांबडा. काल मोरीत होता तसाच.

मग मी बारा नंबर घेतला, मग चौतीस, मग अठ्ठ्याहत्तर. सगळे चमकणारे, सगळे तांबडे. न चमकणारे तीन घेतले. काहीच नाही. मॅडम आल्या तेव्हा टेबलावर कागदांची रांग लागली होती. मी सांगितलं. त्यांनी शेवटचा कागद उचलला, नाकाशी नेला, आणि डोळे मिटून खुर्चीत बसल्या.

“हळद,” त्या म्हणाल्या. “निळ्या उजेडात चमकतेच ती. चार महिने आपण हळद मोजून राहिलो.”

आलोक दारात उभा होता. त्याने लॅपटॉपची बॅग खांद्यावरून उतरवली.

“पण फक्त आजारी बाळांच्याच वारेला कशी?” मॅडमनी विचारलं. त्याच क्षणी आम्हा तिघांच्याही लक्षात आलं की टेबलावर येण्याआधी वार एकाच हातातून येते.

शकु दीदीला बोलावलं. तिने दारात चपला काढल्या. मॅडम रागावल्या नव्हत्या, पण आवाज बारीक झाला होता. वारेला इकडे आँवल म्हणतात. “शकु, सच-सच बता. आँवल पे हल्दी डालती हो?”

शकु दीदीने माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. पदराच्या गाठीतून तिने एक कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. लपवायचा प्रयत्नच नव्हता. कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

“हओ मैडमजी. डालत हैं.”

“काहे?”

शकु दीदी बरगीकडची. तिची आई सुईण होती. ती सांगत गेली. तिच्या गावी वार फेकत नाहीत. अंगणात खड्डा करून, हळद लावून पुरतात. पोराबरोबर नऊ महिने तीही पोटात राहिली, तिनेच त्याला खाऊ घातलं. तिला सुकीच कशी धाडायची? लेकीला सासरी धाडताना हळद लावतात ना? इथे तर पुरणंच नाही. इथे कापतात. शिकलेले लोक कापतात म्हणजे काही चांगल्यासाठीच असेल, याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. “पर जिनके बच्चे अच्छे-भले रो रहे हैं, उनकी तो कोई चिंता नहीं. जो बच्चा काँच में चला गया, उसकी आँवल रूठके नहीं जानी चाहिए. बच्चा अभी लड़ रहा है न. तो हम ज़ीने पे रुकके एक चुटकी लगा देते हैं. पानी में तुम धोती हो, तो हमने सोचा, किसी का क्या बिगड़ता है.”

आलोकला हसू येत होतं की रडू, त्यालाही कळत नसावं. मी मोजत होते, एकतीस जिने, एकतीस चिमटी. आणि मग मला तो दुपटीचा आकडा आठवला.

“दीदी,” मी म्हटलं, “मेरीवाली में?”

ती पहिल्यांदा लाजली. “तुम्हारी में दो डाली थीं बिन्ना. तुम तो अपनी हो.”

सारांश गेला नाही. मॅडमनी दुपारी परिषदेला दोन ओळींचं पत्र लिहिलं. संध्याकाळी भिंतीवरच्या कामाच्या पद्धतीच्या तक्त्याखाली त्यांनी पेनाने एक ओळ वाढवली: तुकडे काढून झाल्यावर उरलेली वार शकुकडे द्यावी, दहा मिनिटं. “पहले हम काटेंगे, फिर तू हल्दी लगाना. सबको लगा,” त्यांनी तिला सांगितलं. “सबको?” शकु दीदी म्हणाली. “फिर तो हल्दी तुम मँगाना, मैडमजी.”

मी डब्या आवरत होते. जे विचारायचं होतं ते विचारायला याहून वाईट दिवस नव्हता, म्हणून विचारलं. “मॅडम, मी सात महिने हे काम केलं, त्याने झालं असेल का?”

त्यांनी चष्मा काढला. “अगं, मी सव्वीस वर्षं कापून राहिले. माझी दोन्ही मुलं पूर्ण दिवसांची.” मग, अगदी प्रामाणिकपणे, “पण हा काही पुरावा नाही हं. दोनच आहेत.”

मला हसू फुटलं. त्यांनी स्वतःच उठून एकसष्ट नंबरची मेणातली काच साध्या मायक्रोस्कोपवर लावली आणि मला बसवलं. इतक्या महिन्यांत ती मी पाहिलीच नव्हती. सगळं लक्ष चमकेकडे होतं. “ही बघ, आईकडून येणारी रक्ताची नळी. ही पाचव्या महिन्यापर्यंत ऐसपैस रुंद व्हायला हवी होती. झाली नाही. अशी अरुंद गल्लीबोळासारखीच राहिली. बाळाला रक्त पुरलं नाही, म्हणून तुझ्या शरीराने जोर लावला आणि बीपी चढलं. हे काही हळदीमुळे दिसत नाहीये, हे खरंच आहे.”

“पण रुंद काहून नाही झाली?”

“ते माहीत असतं तर मी इथे बसले असते का?”

घरी आल्यावर आईंना सांगितलं. त्या स्वानंदीला तेल लावत होत्या.

“मग आता ताईला काय सांगू? मी तर सायन्स सायन्स करून राहिली होती.”

“सांगा, अजून माहीत नाही.”

“असं कसं सांगू?” त्यांनी विचार केला. “चलो, मी सांगते, आमची सून शोधून राहिली आहे म्हणून. आणि त्या शकुला एक दिवस जेवायला बोलव.” मग पोरीच्या तळपायाला तेलाचं बोट लावून म्हणाल्या, “दोन चिमटी टाकल्या का गं तुझ्यासाठी? दोन?”

इतकं लिहीपर्यंत स्वानंदी उठायची वेळ झाली. एकच सांगायचं राहिलं.

मंगळवारी आलोकने निळ्या उजेडाच्या मायक्रोस्कोपवरचे सगळे जुने काप फेकायला काढले होते. मी एकसष्टचा एक मागून घेतला. बसले, डोळे लावले. काळ्या अंधारात ती कड उमटली, हिरवी पिवळी, वळणावळणाची. जिन्याच्या मधल्या पायरीवर कोणीतरी थांबलं होतं, खाली माझं पोट अजून शिवत होते आणि वर स्वानंदीला पेटीत ठेवत होते. एका बाजूला फिकट, एका बाजूला दाट. चिमूट कुठे पडली असेल तेही कळत होतं.

मी नीट पाहून घेतली. आणखी पाहत बसले असते तर विझली असती, म्हणून दिवा बंद केला.